वसंतात तळ्याची तयारी : औषधाआधी पाणी बघा

थंडी ओसरून तळ्याचं पाणी 10 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागलं, की जिवाणू आणि परजीवी भराभर वाढतात. माशांची प्रतिकारशक्ती मात्र थंडीत मंदावलेली असते, ती सावरायला काही आठवडे जातात. कोई (तळ्यात पाळतात ते रंगीत कार्प मासे) आणि गोल्डफिश जास्त करून या मधल्या दिवसांतच आजारी पडतात. म्हणून हवेच्या उबेवर जाऊ नका. थर्मामीटर पाण्यात, तोही खोलवर धरा.

पहिलं काम गाळाचं. कुजलेली पानं, माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य हे सगळं तळाशी साचलेलं असतं. जाळीने किंवा पाइपने हळूहळू काढा, एका दमात तळ ढवळू नका. सगळं पाणी उपसून तळं घासून लख्ख करायचा मोह अनेकांना होतो. तो टाळाच, कारण त्यात घाण पचवणारे उपयोगी जिवाणूही जातात. एका वेळी 10 ते 20 टक्के पाणी बदललं तरी पुरतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढून टाका. फिल्टरचा स्पंज तळ्यातूनच काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली धरू नका.

अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे विष्ठा आणि कुजणाऱ्या घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्यं, टेस्ट किटने तपासा. दोन्ही शून्य हवेत. फिल्टरमधले जिवाणू गार पाण्यात सुस्त असतात, त्यामुळे सुरुवातीला आकडे वर जातात. तसं दिसलं तर खाणं बंद ठेवा, थोडं पाणी बदला आणि हवेचा पंप चालू ठेवा. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) जितका जास्त, तितका तोच अमोनिया अधिक विषारी, म्हणून पीएचही बघाच.

पाणी 10 अंशांखाली असेल तर मासे कितीही तोंड वर करोत, खायला घालू नका. 10 ते 15 अंशांत गव्हाच्या अंकुराचं हलकं खाद्य थोडंसं द्या. भरपूर प्रथिनांचं खाद्य त्यानंतर.

रोज पाच मिनिटं नुसतं बघत उभं राहा. अंग घासणं, पर अंगाशी मिटून बसणं, पाण्याच्या धारेपाशी श्वास घेत राहणं, खवल्यांवर लाल चट्टे, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके : यातलं काहीही दिसलं तर आधी पाणी तपासा. औषधं आम्ही विकतो, तरीही सांगतो, अंदाजाने बाटली ओतू नका. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या त्वचेखाली असेपर्यंत औषध त्याला लागत नाही. तो पाण्यात मोकळा पोहत असतानाच मरतो, म्हणून डोस पुन्हा द्यावे लागतात. गार पाण्यात हे चक्र आणखी लांबतं.

नवीन मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. त्यांची जाळी आणि बादलीही वेगळीच.

औषध घ्यायला येताना माशाचा फोटो, पाण्याचं तापमान, टेस्टचे आकडे आणि तळ्याचं माप आणा. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये गुणून 1000 ने गुणलं की लिटर मिळतात. तळं वाकड्यातिकड्या आकाराचं असेल तर कागदावर आकृती काढून आणा, हिशेब आम्ही करू.