कोकणातली बंद घरं: फोटोमागची शे-दीडशे वर्षं

मुंबई-गोवा हायवे सोडून राजापूर, देवरूख, खारेपाटण अशा ठिकाणी गाडी आत घालायची आणि पडक्या घरांचे फोटो काढायचे हे हल्ली बरेच जण करतात, मीपण करतो, आणि फोटो टाकला की हमखास कुणीतरी विचारतं, अरेरे, वारस नाहीत का कुणी? उलट आहे हो. वारस नाहीत म्हणून पडलेलं घर कोकणात क्वचित सापडेल, वारस फार झाले म्हणून पडलेली पावलोपावली आहेत.

सुरुवात मुंबईतून करावी लागते. १८५४ मध्ये तिथे पहिल्या कापड गिरणीची कंपनी निघाली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी जिल्ह्यातून (सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच, वेगळा झाला १९८१ ला) माणसं गिरण्यांत भरती व्हायला लागली. डोंगरउतारावरची जमीन, पावसाळी भाताचं एकच पीक, त्यावर भागायचंच नाही. मग बाप्ये लालबाग-परळला गावकीच्या (गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या) खोलीत, बायकापोरं नि म्हातारे गावाला, आणि महिन्याला मनिऑर्डर. त्याची खूण अजून दिसते, २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. आपण ज्या चिरेबंदी घराचा फोटो काढतो ते बऱ्याचदा शेतीच्या नाही, मुंबईच्या पगारावर उभं राहिलेलं असतं.

मोठे वाडे वेगळे, ते खोतांचे, म्हणजे सरकारसाठी गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचे. १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा, मग १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं मालक झाली, आणि वाडा ज्या उत्पन्नावर चालायचा तेच गेलं. झालं ते योग्यच झालं. ओटीवरच्या कोरीव खांबांचा फोटो बघून हळहळणाऱ्यांनी खाली अंगणात हात जोडून कोण उभं राहायचं तेही आठवावं.

मग १८ जानेवारी १९८२ चा गिरणी कामगारांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, बऱ्याच गिरण्या परत धड सुरू झाल्याच नाहीत, मनिऑर्डर आटली. काही जण गावी परतले पण पोरं विरार, नालासोपारा, डोंबिवलीला गेली ती गेलीच. २००१ ते २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरीची १६.९७ लाखांवरून १६.१५ वर आली, सिंधुदुर्गचीही घटली.

आता वारस. घर पणजोबांच्या नावावर, त्यांचे चार मुलगे, त्यांची मुलं, २००५ नंतर मुलींनाही बरोबरीचा हक्क, म्हणजे कागदावर सहज तीसेक नावं. छपराचा खर्च एकट्याने का करायचा, आणि विकायचं तर सगळ्यांच्या सह्या पाहिजेत, त्यातला एक बडोद्याला, एक अमेरिकेत आणि दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. हक्क सुटू नये म्हणून घरपट्टी मात्र कुणीतरी भरत राहतो, त्यामुळे घर दुरुस्तही होत नाही आणि पाडलंही जात नाही.

पडायला निमित्त एका कौलाचं पुरतं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने १८६५ ला मंगळूरला कारखाना काढला तिथून ही मंगलोरी कौलं पसरली, उलटून बघा, पाठीवर कारखान्याचं नाव असतं. माकडांच्या उड्यांनी ती सरकतात, पूर्वी मे महिन्यात माणूस चढवून नीट करून घ्यायचे. ते बंद झालं की तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस थेट वाशावर, वासा कुजतो, आढं बसतं, आतल्या मातीच्या भिंती विरघळतात आणि बाहेरचा चिरा तेवढा उभा राहतो, म्हणून सगळ्यांचे फोटो सारखे येतात. खांब नि दरवाजे नसले तर ते पावसाने नाही नेले, जुन्या लाकडाचे व्यापारी नेतात.

बाजारपेठांची गोष्ट थोडी निराळी. राजापुरात सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती, गलबतं खाडीतून वर यायची, मग खाडी गाळाने भरली, धंदा रस्त्यावर गेला आणि हायवे वरून गेला, पेठ खाली नदीकाठी राहिली, दर पावसाळ्यात पुराच्या पाण्यात. कणकवली, लांज्याला उलटं, तिथे चौपदरीकरणात हायवेच अंगावर आला. अर्धी कापलेली घरं उभी राहिली, आतल्या खोलीचा पोपटी रंग नि देवळीचा कोनाडा थेट रस्त्यावर, फोटोला भारी, आत राहणाऱ्याला नाही.

आपले फोटो बहुतेक नोव्हेंबर ते मे मधले असतात, तेव्हा कुलूपच दिसणार. गणपतीत तेच घर बघा, मागचा भाग पडलेला, पण पुढची पडवी नि देवघर वर्गणी काढून राखलेलं, वर पत्रे, आत तीस-चाळीस माणसं. एरवी किल्ली शेजारच्या काकूंकडे असते, नीट विचारलंत तर उघडून दाखवतात आणि कुठल्या भावाने कुणावर केस टाकलीय तेही सांगतात.