अल्तारामागचं सोनेरी मखर

जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये पाऊल टाकलं की नजर थेट समोरच्या सोनेरी भिंतीवर जाते. जवळ गेल्यावर कळतं, भिंत कसली, हे तर लाकडातलं कोरीवकाम! संत कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले सहा मोठे फलक, आणि त्यांना कवेत घेणारे खांब व कमानी. कॅथरिनच का, तर 25 नोव्हेंबर 1510 रोजी पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द अल्बुकर्कने गोवा जिंकला, तो तिच्या सणाचा दिवस होता. अल्तारामागे, म्हणजे चर्चमधल्या पूजेच्या वेदीमागे, उभ्या असलेल्या अशा रचनेला पोर्तुगीज लोक रेताबुलू म्हणतात. आपल्याकडची मूर्तीमागची प्रभावळ किंवा मखर डोळ्यांसमोर आणलं, की कल्पना येते.

मूळ प्रथा मध्ययुगीन युरोपातली. धर्मगुरू लोकांकडे पाठ करून अल्ताराकडे तोंड करून मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, म्हणत, तीही लॅटिनमध्ये. बहुतेकांना शब्द कळत नसत, पण समोरचं चित्र कळत असे. अल्तारावरची छोटी रंगवलेली फळी मग वाढत वाढत छताला जाऊन भिडली. स्पेनमधल्या सेव्हिलच्या कॅथेड्रलमधलं असंच प्रचंड काम 1482 मध्ये सुरू झालं. पुढे कॅथलिक चर्चपासून फुटलेल्या प्रोटेस्टंटांनी मूर्ती आणि चित्रांवर हल्ला चढवला, तेव्हा 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने मूर्ती-चित्रांची ठामपणे पाठराखण केली. से कॅथेड्रलचं बांधकाम नेमकं त्याच सुमारास, 1562 मध्ये सुरू झालं होतं.

नमुने पोर्तुगालहून आले, हात मात्र इथले होते. 1567 च्या गोव्यातल्या पहिल्या प्रांतीय धर्मसभेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करून घ्यायला मनाई केली. मनाई करावी लागली, म्हणजे ही कामं त्यांच्याकडे जातच होती! त्या कारागिरांची नावं आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

सोनेरी मुलाम्याचं काम फार चिकाटीचं. आधी कोरलेल्या लाकडावर सरस आणि खडूचे थर, ते घासून गुळगुळीत करायचे. त्यावर लाल चिकणमातीचा पातळ लेप, मग सोन्याचा वर्ख, आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घोटून चकाकी. जुन्या कामात वर्ख जिथे झिजतो तिथे खालची लाल माती डोकावते. सोन्याला ऊब येते ती तिच्यामुळेच.

जुन्या गोव्यातल्याच बॉम जीझस बॅसिलिकेतल्या रेताबुलूचे खांब पिळाचे आहेत. रोममध्ये सेंट पीटर्स चर्चमधलं शिल्पकार बर्निनीचं पिळाच्या खांबांचं छत्र 1630 च्या दशकात पूर्ण झालं, आणि तशा खांबांची लाट कॅथलिक जगभर पसरली. गोव्यात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोलांची भव्य मूर्ती या खांबांच्या मधोमध उभी आहे.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) बहुतेक चर्चमध्ये लोकांच्या जवळ नवा अल्तार मांडला गेला आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा म्हणू लागले. रेताबुलू आता त्यांच्या पाठीशी असतं.