उकिरडा

उकिरडा : घरातील केर, गोठ्यातील शेणमूत व चुलीतील राख साठवून खत करण्याची ठरलेली जागा; बहुधा खड्डा, क्वचित नुसता ढीग. बेळगाव-खानापूरकडील मराठीत ‘गायरी’ हा शब्दही चालतो. कन्नडभाषक शेजारी ‘तिप्पे’ म्हणतात.

व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. संस्कृत ‘उत्कर’ (उकरून वा झाडून काढलेल्याचा ढीग) हे मूळ मानण्याकडे बऱ्याच जणांचा कल आहे. श्रौत (वेदोक्त विधीच्या) यज्ञात वेदीलगत खणलेली माती व केर टाकण्याच्या नेमून दिलेल्या जागेला उत्कर हीच संज्ञा आहे. म्हणजे केराला ठरलेली जागा देण्याची कल्पना बरीच जुनी दिसते. मात्र प्राकृतातील ‘उक्कुरुड’ आणि गुजरातीतील ‘उकरडो’ यांतील ‘ड’ ची उपपत्ती निव्वळ ‘उत्कर’ वरून नीट लागत नाही. म्हणून शब्द मुळात देशी (संस्कृतातून न आलेला) असावा, असेही मत आहे. मधली वाट, म्हणजे ‘उत्कर’ ला जोडलेला लोकभाषेतील प्रत्यय, अधिक संभवनीय वाटते. ‘तिप्पे’ चा याच्याशी संबंध नाही. ते तमिळ ‘तिप्पै’, तेलुगू ‘तिप्प’ (उंचवटा) यांच्या कुळातले.

वर्षभर भरलेला उकिरडा उन्हाळ्यात, पेरणीपूर्वी उपसून शेतात नेतात. वरच्या थरांत हवा खेळते, तळाशी ती पोहोचत नाही. त्यामुळे वरचे शेण अर्धेकच्चे आणि खालचे काळे, भुसभुशीत निघते. उसाचे पाचट मात्र सहसा उकिरड्यापर्यंत येतच नाही, ते फडातच पेटवतात. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे घर झाडून केर व दिवा उकिरड्यावर ठेवण्याची आणि ‘इडापीडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणण्याची चाल मराठी घरांत आहे.

शहराचा उकिरडा म्हणजे कचरा डेपो. बेळगावचा तुरमुरी येथे आहे. शास्त्रशुद्ध भरावभूमीची (कचरा पुरण्यासाठी तयार केलेल्या जागेची) रीत गायरीच्या उलट: ती उपसण्यासाठी नसून कायमची झाकण्यासाठी असते. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये तळाशी ९० सेंमी. चिकणमाती व तिच्यावर १.५ मिमी. जाडीचे प्लास्टिकचे अस्तर सांगितले होते. भूजलपातळी तळापासून किमान २ मी. खाली असावी, अशीही त्यांत अट होती. कचरा थराथराने दाबून त्यावर रोज माती पसरतात. आत हवा नसल्याने कुजण्यातून मिथेन व कार्बन डायऑक्साइड निघतात. मुरलेले पाणी काळपट, उग्र वासाचे होते. ते नळ्यांनी गोळा करून शुद्ध करावे लागते. अस्तराचे महत्त्व बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम भागात विशेष. खानापूरकडे पाऊस मुसळधार आणि जमीन बऱ्याच ठिकाणी जांभ्याची, सच्छिद्र; अस्तराविना टाकलेल्या कचऱ्याचे पाणी विहिरीपर्यंत जाण्यास फारशी अडचण पडत नाही. पूर्वेकडे, अथणीच्या बाजूस, पाऊस कमी व माती काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, म्हणून तेथेही अस्तर हवेच.

ओला व सुका कचरा वेगळा देण्याचा नियम आता शहरात आहे. खेड्यात हे वेगळेपण पूर्वी आपोआप होई, कारण उकिरड्यावर न कुजणारे असे खापर आणि काचच काय ती पडे. आज गायरी उपसताना टोपलीत शेणाबरोबर दुधाच्या पिशव्या व गुटख्याच्या पुड्या येतात. खत विस्कटणारी बाई त्या वेचून बांधावर ढीग घालते. वारा सुटला की निम्म्या पुन्हा वाफ्यात.