फॉर्म १ आणि फॉर्म १-ए: ड्रायव्हरनं सांगायचं काय, डॉक्टरनं बघायचं काय

हेवी लायसन्स काढायला निघालेल्या पोराला विचारा, "मेडिकल झालं का?" तो लगेच "झालं" म्हणेल. कुठलं झालं, असं विचारलं की मात्र अडखळेल. त्याच्या अर्जासोबत आरोग्याचे दोन कागद गेलेले असतात. बहुतेक वेळा ते एकाच दिवशी, एकाच एजंटच्या टेबलावर भरले जातात, आणि त्याच्या लेखी दोन्ही मिळून एकच 'मेडिकल' असतं. एक फॉर्म १ आणि दुसरा फॉर्म १-ए, ज्याला आरटीओच्या आवारात सगळे 'वन-ए' म्हणतात. दोन्ही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधलेच. पण पहिला ड्रायव्हरचा जबाब आहे आणि दुसरा डॉक्टरचा दाखला. एकात जे विचारलंय ते सगळं दुसऱ्यात विचारलेलं नाही. एवढी एक गोष्ट नव्या ड्रायव्हरला कुणी सांगत नाही, आणि पुढचे बरेच घोळ तिथूनच सुरू होतात.

फॉर्म १ म्हणजे स्वतःच्या तब्येतीबद्दल स्वतः सही करून दिलेलं घोषणापत्र. त्यात मोजकेच प्रश्न आहेत. फेफरं येतं का, किंवा कुठल्याही कारणानं अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का? चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट ओळखता येते का (चष्मा असेल तर लावून)? हात-पाय गमावलाय का, किंवा त्यांच्यात कमजोरी आहे का? रातांधळेपणा आहे का? हॉर्नसारखा नेहमीचा आवाज ऐकू येऊ नये इतका बहिरेपणा आहे का? रंग ओळखण्याचा प्रश्नही आहे. आणि सगळ्यात शेवटी एक मोकळा प्रश्न: तुमच्या गाडी चालवण्यानं लोकांना धोका होईल असा आणखी कुठला आजार किंवा व्यंग आहे का, असल्यास तपशील द्या. खाली, माझ्या माहितीप्रमाणे वरील सर्व खरं आहे, असं लिहून सही.

आता हे 'सारथी' पोर्टलवर हो-नाहीची बटणं दाबून होतं, आणि बटणं दाबणारा हात बहुधा ड्रायव्हरचा नसतो. सायबर कॅफेवाला किंवा एजंट पटापट 'नाही, नाही, नाही' करत खाली जातो. यातली गंमत अशी की सगळ्या प्रश्नांना 'नाही' हे बरोबर उत्तरच नाही. नंबरप्लेटच्या प्रश्नाला 'नाही' म्हटलं तर आपल्याला दिसत नाही असं आपण लिहून दिलेलं असतं. ज्याच्या नावानं हे घोषणापत्र जातं त्यानं ते एकदा तरी स्वतः वाचावं, नाहीतर समोरच्याला मराठीत वाचून दाखवायला लावावं. त्याला पाच मिनिटं लागतात.

फॉर्म १-ए डॉक्टर भरतो. कुठलाही डॉक्टर नाही, तर या कामासाठी मान्यता असलेला नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी. नजरेत दोष आहे का, असल्यास चष्म्यानं सुधारलाय का? पंचवीस मीटरवरची पाटी दिसते का, रंग कळतात का, ऐकू येतं का, रातांधळेपणा आहे का? ड्रायव्हरच्या कामात अडथळा येईल असं काही व्यंग, किंवा एखादा अवयव गमावलाय का? रक्तगट लिहिणं ऐच्छिक. मग प्रमाणपत्राचा मजकूर येतो: मी अर्जदाराला स्वतः तपासलंय, तपासताना लांबची नजर, ऐकण्याची क्षमता, हात, पाय आणि सांधे यांच्याकडे विशेष लक्ष दिलंय, आणि माझ्या मते तो लायसन्स धारण करायला योग्य किंवा अयोग्य आहे.

आता दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवून पाहा. डोळे दोन्हीकडे आहेत, कान दोन्हीकडे, हातपाय दोन्हीकडे. फेफरं आणि शुद्ध हरपणं मात्र फक्त फॉर्म १ मध्ये, म्हणजे फक्त ड्रायव्हरच्या तोंडी आहे. डॉक्टरच्या दाखल्यात तो रकानाच नाही.

यात तर्क आहे. हाताची बोटं डॉक्टर मोजू शकतो, अक्षरांचा तक्ता वाचायला लावू शकतो. पण ज्याला वर्षातून दोनदा झटके येतात तो माणूस उरलेल्या वेळी समोरच्या खुर्चीत अगदी ठणठणीत बसलेला असतो. नाडी व्यवस्थित, रक्तदाब व्यवस्थित. दोन झटक्यांच्या मध्ये मेंदूचा आलेख काढला तरी तो कित्येकदा नॉर्मल येतो. तपासणीच्या दिवशी रोगाची एकही खूण दिसत नाही, म्हणून तो विचारूनच कळतो. रातांधळेपणा दोन्ही याद्यांत आहे खरा, पण ट्यूबलाइटच्या उजेडातल्या दवाखान्यात तो सापडायचा कसा? तिथंही डॉक्टर बहुतेक वेळा विचारतोच. म्हणजे वन-ए हा एका दिवसाचा फोटो आहे. त्या फोटोआधी काय घडलं होतं ते सांगायचं काम फॉर्म १ चं.

त्यामुळे "डॉक्टरनं फिट लिहिलंय, मग मी कशाला सांगू?" हे म्हणणं मुळातच चुकतं. डॉक्टरनं जे पाहिलं त्याबद्दल लिहिलं. जे त्याला दिसूच शकत नव्हतं त्याची जबाबदारी तुमच्या सहीवर आहे.

ही जबाबदारी टाळली की काय होतं याचं नोंदलं गेलेलं एक भयंकर उदाहरण स्कॉटलंडमधलं आहे. २२ डिसेंबर २०१४ रोजी ग्लासगो शहराच्या मध्यभागी, नाताळच्या खरेदीच्या गर्दीत, महापालिकेच्या कचरागाडीचा ड्रायव्हर चालवता चालवता बेशुद्ध पडला. गाडी फुटपाथवर चढली आणि सहा माणसं गेली. पुढच्या वर्षी झालेल्या चौकशीत निघालं की २०१० साली बस चालवायच्या नोकरीवर असतानाही हा माणूस उभ्या बसमध्ये स्टिअरिंगवरच बेशुद्ध पडला होता, आणि ही गोष्ट त्यानं पुढच्या नोकरीच्या वेळी आणि परवान्याच्या कागदांतही दडवली होती. त्याच्या मेडिकल तपासण्या झाल्या होत्या. त्यानं खरं सांगितलं असतं तर हा अपघात टळू शकला असता, असा त्या चौकशीचा निष्कर्ष होता.

आता ड्रायव्हरच्या बाजूनं बोलू, कारण लपवण्यामागचं कारण आळस हे क्वचितच असतं. कारण असतं पोटाचं. क्लीनर म्हणून चार-पाच वर्षं काढून आता कुठं स्टिअरिंग मिळायची वेळ आलेली असते. अशा वेळी 'हो' वर बोट ठेवलं की सगळं संपलं, असं त्याला वाटतं. आणि ही भीती पूर्णपणे खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ८ सांगतं की अर्जावरून किंवा वैद्यकीय दाखल्यावरून, म्हणजे दोन्हींपैकी कशावरूनही, लोकांना धोका होईल असा आजार दिसला तर परवाना नाकारायचा. चालू फेफऱ्याचा त्रास असलेल्या माणसाला ट्रकचं लायसन्स मिळत नाही, आणि मिळूही नये.

पण प्रत्येक 'हो' चा अर्थ 'नाकारलं' असा होत नाही. फॉर्म १ खालची टीपच म्हणते की असं उत्तर असेल तर पूर्ण तपशील द्या, अधिक माहिती मागितली जाऊ शकते. लहानपणी तापात एकदा झटका आला होता आणि त्यानंतर कधीच नाही, हे फेफरं नव्हे. पण तसं लिहिलेलं मेंदूविकारतज्ज्ञाचं पत्र हातात असलेलं बरं. चष्मा असणं हा तर दोषच नाही, दोन्ही फॉर्ममध्ये चष्म्यासह नजर मान्य आहे. रंगांच्या बाबतीत जून २०२० मध्ये नियम बदलून सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असणाऱ्यांना लायसन्सची वाट मोकळी झाली. नाकारलंच, तर कारण लेखी मिळायला हवं, आणि कलम १७ प्रमाणे तीस दिवसांत अपील करता येतं.

एका डोळ्याची गोष्ट मात्र वेगळी. फॉर्म १ मधली एका डोळ्याची सवलत हलक्या आणि बिगर-व्यावसायिक वाहनापुरती आहे, तीही आधी किमान पाच वर्षं लायसन्स असलेल्याला. कारचं चालतंय तर ट्रकचंही चालेल, असा हिशेब इथं लागू होत नाही.

साखरेचं काय, हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो, कारण मधुमेहाचं नाव दोन्ही फॉर्ममध्ये नाही. तो त्या शेवटच्या मोकळ्या प्रश्नात येतो, आणि तो प्रश्न कुणी वाचतच नाही. नुसता मधुमेह असणं वेगळं आणि साखर अचानक उतरणं वेगळं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन निघालं, जेवणाची वेळ घाटातल्या ट्रॅफिकमध्ये गेली, की घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. साठच्या वेगानं जाणारा भरलेला ट्रक पंचवीस मीटर दीड सेकंदात कापतो, तेवढ्यात कॅबिनमधला गुळाचा खडासुद्धा हाताला लागत नाही. औषध चालू असेल तर डॉक्टरला नावासकट सांगावं, साखर उतरण्याचा प्रसंग कधी आला असेल तर तोही. झोपेचंही तसंच. मोठ्यानं घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा आणि दिवसा पेंगणारा माणूस दोन्ही फॉर्म सहज पार करतो, कारण झोपेबद्दल थेट प्रश्नच नाही.

अमेरिकेत ही दरी थोडी बुजवलेली दिसते. तिथं ट्रक ड्रायव्हरच्या तपासणीच्या फॉर्मच्या सुरुवातीलाच ड्रायव्हर स्वतःचा आजारांचा इतिहास लिहितो. त्यात झटके, मधुमेह, झोपेचे विकार हे सगळं नावानिशी विचारलेलं असतं. मग नोंदणीकृत परीक्षक तेच उत्तर समोर ठेवून तपासतो. दाखला जास्तीत जास्त दोन वर्षांचा. आपल्याकडेही फॉर्म १ वर लिहिलंय की हे घोषणापत्र वन-ए सोबत द्यावं. कागदावर दोघांची गाठ आहेच. पण डॉक्टरनं वन-एवर सही करण्याआधी अर्जदाराचा फॉर्म १ मागून वाचला, असं किती ठिकाणी होत असेल, हे ज्यानं त्यानं आपल्या तालुक्यात पाहावं.

कुणाला कुठला लागतो, हे थोडक्यात: चाळिशीच्या आतला माणूस स्कूटर किंवा कारचं लायसन्स काढत असेल तर फॉर्म १ पुरतो. व्यावसायिक वाहनासाठी, आणि चाळिशी ओलांडलेल्या कुणासाठीही, वन-ए लागतो. ट्रकसाठी वय वीस पूर्ण हवं आणि आधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचं लायसन्स हवं. यात एक फट आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं की एकूण वजन साडेसात हजार किलोपेक्षा कमी असलेलं व्यावसायिक वाहन साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. परवान्याचा आणि विम्याचा वाद त्यानं मिटला. पण त्याचा अर्थ असाही होतो की छोटा टेम्पो घेऊन रात्रभर भाजी वाहणारा पंचविशीतला पोरगा फक्त स्वतःच्या घोषणापत्रावर रस्त्यावर असू शकतो, डॉक्टरनं त्याला कधी पाहिलेलंच नसतं. त्याच्या बाबतीत फॉर्म १ हीच एकमेव चाळणी आहे.

मुदतीचा फरकही लक्षात घ्यायला हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक लायसन्स पाच वर्षं चालतं, धोकादायक मालाच्या गाड्यांसाठी तीन वर्षं. पण लायसन्स पाच वर्षांचं म्हणजे तब्येत पाच वर्षांची नव्हे. मधेच झटका आला, नजर गेली, तर कलम १६ प्रमाणे परवाना अधिकारी कधीही नवा वैद्यकीय दाखला मागू शकतो किंवा लायसन्स रद्द करू शकतो. आणि शरीरानं किंवा मनानं अक्षम असल्याचं माहीत असूनही चालवलं तर कलम १८६ लागतं: पहिल्यांदा एक हजार, पुढं दोन हजार दंड. रक्कम किरकोळ आहे. खरं ओझं कलम १९ मध्ये आहे. खोटं सांगून मिळवलेलं लायसन्स रद्द करून माणसाला अपात्र ठरवता येतं, म्हणजे जे वाचवायला लपवलं तेच जातं.

ट्रान्सपोर्ट कंपनी किंवा मोठा कारखाना आपली वेगळी मेडिकल घेतो, ती तिसरी गोष्ट. तिथं रक्त-लघवीची तपासणी असेल, छातीचा एक्स-रे असेल, पण ती नोकरीसाठी असते, लायसन्ससाठी नाही. एक झाली म्हणून दुसरी टळत नाही. कंपनीच्या डॉक्टरला सांगितलेली गोष्ट आपोआप आरटीओच्या फॉर्ममध्ये जात नाही, उलटही तसंच.

वन-ए कागदावर करून घेत असाल तर निघण्याआधी दोन गोष्टी पाहा. डॉक्टरची सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर असायला हवी, फॉर्मखालची टीपच तसं सांगते. आणि ओळखखुणा तुमच्या अंगावरच्याच असाव्यात. एजंटच्या टेबलावर आधीच भरून ठेवलेला 'उजव्या गालावर तीळ' बऱ्याच जणांच्या दाखल्यांवर सापडतो. न तपासता सही करून मिळणारा दाखला स्वस्त पडतो खरा, पण खोटा दाखला देणं हा डॉक्टरसाठीही गुन्हा आहे. अपघाताच्या केसमध्ये दोन्ही कागद मागवले गेले, की पहिला प्रश्न हाच असतो की या दोन सह्यांपैकी खोटी कुणाची.