फ्लाइट सर्जन वेगळा, अंतराळात गेलेला डॉक्टर वेगळा

एखादा अंतराळवीर पेशाने डॉक्टर आहे असं कळलं की आपण धरूनच चालतो: वर सगळ्यांना तपासायला तोच असणार. प्रत्यक्षात अंतराळवीरांचा डॉक्टर जमिनीवरच असतो. त्याला फ्लाइट सर्जन म्हणतात. नासाच्या मोहिमांत तो ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातून लक्ष ठेवतो, ठरलेल्या वेळी प्रत्येकाशी खासगीत बोलतो आणि कोणाला काय औषध द्यायचं ते सांगतो. अंतराळ स्थानकावर दरवेळी डॉक्टर असतोच असंही नाही; प्रथमोपचाराच्या पुढचं थोडंफार शिकवलेला एखादा वैमानिक किंवा इंजिनिअरही वेळ निभावून नेतो.

वर गेलेल्या डॉक्टरला मात्र पडेल ते काम करावं लागतं. जोसेफ केरविन हे नौदलातले डॉक्टर. ७ जून १९७३ रोजी ते सहकारी अंतराळवीर पीट कॉनराड यांच्यासोबत स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकाच्या बाहेर पडले. स्थानकाचा सौरपंख एका धातूच्या पट्टीत अडकला होता. लांब दांड्याला लावलेल्या कात्रीने ती पट्टी कापून दोघांनी तो मोकळा केला. वैद्यकीच्या पदवीचा इथे काय उपयोग!

तो उपयोग संशोधनात होतो, आणि तिथे डॉक्टर स्वतःच नमुना बनतो. रशियाचे व्हॅलेरी पोल्याकोव्ह जानेवारी १९९४ ते मार्च १९९५ असे सलग ४३७ दिवस मीर स्थानकावर राहिले. मंगळापर्यंतच्या प्रवासाएवढा काळ माणूस टिकतो का, हे त्यांना स्वतःच्या शरीरावर पाहायचं होतं. हा विक्रम अजून मोडलेला नाही.

घोटाळा होतो तो मायकेल बॅरट यांच्यासारख्यांमुळे, कारण ते आधी फ्लाइट सर्जन होते आणि २००० साली अंतराळवीर म्हणून निवडले गेले. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर त्यांना आणि कॅनडाचे डॉक्टर रॉबर्ट थर्स्क यांना जवळचं नीट दिसेना. दोघांनी एकमेकांचे डोळे तपासले, तेव्हा दृष्टिचेतेपाशी, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेपाशी, सूज असल्याची शंका आली. अंतराळात नजर का बिघडते, या संशोधनाला त्यातून जोर मिळाला.

तरी उपचारांची सूत्रं खालीच राहतात. एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली, त्यावरचा लेख २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. लेखकांपैकी सेरेना औन्यॉन-चान्सलर या फ्लाइट सर्जनही होत्या आणि अंतराळवीरही. त्या रुग्णाने सोनोग्राफी स्वतःच केली, प्रोब कुठे धरायचा हे जमिनीवरून सांगितलं जात होतं. सुरुवातीला स्थानकावर होती तीच इंजेक्शनं पुरवून वापरली, मग मालवाहू यानाने गोळ्या पाठवल्या.