भरती जिथवर पोचते तिथले बाजार

गोव्याला येणारा पाहुणा थेट समुद्राकडे जातो. कळंगुट, बागा ही नावं आज देशभर ठाऊक आहेत, पण ती पर्यटनाची गावं झाली गेल्या साठेक वर्षांत. साठच्या दशकात तिथं हिप्पी आले, ऐंशीच्या दशकात परदेशातून चार्टर विमानं सुरू झाली. त्याआधी ती मासेमारीची आणि माडांची गावं होती. व्यापारावर वाढलेले गोव्याचे जुने बाजार आत आहेत, नदीकाठी.

डिचोली आणि साखळी घ्या. सह्याद्रीच्या घाटवाटांनी उतरलेले लादलेले बैल इथं थांबत आणि भरतीच्या पाण्यावर होड्या इथवर येत. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची. वरून धान्य, गूळ, मिरची उतरायची. होडेकऱ्याचं वेळापत्रक घड्याळाचं नव्हे, भरती-ओहोटीचं. डिचोलीचा बुधवारचा बाजार याच जुन्या देवघेवीचा वारसा सांगतो. इथली पितळी समई आणि मातीची भांडी आजही लोक मुद्दाम शोधत येतात. नदी ओलांडायच्या जागेला आपल्याकडे ‘तार’ म्हणतात आणि होडीवाल्याला ‘तारी’. शिवोलीच्या तारीसारखी ठिकाणं हा शब्द अजून सांभाळून आहेत.

नदीचं महत्त्व डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावात जितकं कळतं तितकं कुठं कळत नाही. तिथला सप्तकोटेश्वर हे गोव्यावर पूर्वी राज्य केलेल्या कदंब राजांचं आराध्य दैवत. ‘सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ हे बिरुद ते अभिमानानं मिरवत. त्याचं मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडलं, तेव्हा भक्तांनी लिंग मांडवी नदीपार नार्व्याला नेलं. अंतर होडीनं काही मिनिटांचं, पण पलीकडे सत्ता दुसरी होती. या नदीकाठच्या माणसांना ती रुंदी नीट ठाऊक होती, म्हणून देव वाचला. पुढं 13 नोव्हेंबर 1668 रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवळाच्या जीर्णोद्धाराला आरंभ केला. तसा शिलालेख तिथं आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा खुलं झालं. नार्व्याला गोकुळाष्टमीला पंचगंगेच्या काठावर स्नानासाठी गर्दी लोटते, ती पर्यटन खात्याच्या कितीतरी आधीपासून. दिवाडीहून फेरीबोटीनं नार्व्याला गेल्यावाचून ही कथा पुरती समजत नाही, असं मला मनापासून वाटतं.

खालच्या अंगाला जुनं गोवें, पोर्तुगिजांची आधीची राजधानी, रोगराईनं ओस पडत गेलं आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. पणजीला रायबंदराशी जोडणारा मिठागरांवरचा पूल मात्र त्याआधीचा, 1633-34 चा. सुमारे तीन किलोमीटर लांब.

विसाव्या शतकाच्या मध्यावर नद्यांवर लोहखनिज आलं. डिचोली-साखळी भागातल्या खाणींचा माल ट्रकनं धक्क्यावर यायचा आणि बार्जमधून, म्हणजे मालवाहू नौकांतून, मांडवीमार्गे मुरगाव बंदराकडे जायचा. घरटी ट्रक, कुणाची बार्जमध्ये भागी, गॅरेज, चहाचे गाडे. बाजाराचा सगळा पैसा या चाकांभोवती फिरू लागला. बदल्यात नदीपात्रात गाळ आला, शेतांवर तांबडी धूळ बसली. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा थांबल्या, आणि एकाच उत्पन्नावर विसंबलेल्या घरांचे हप्ते थकले. मला त्या घरांबद्दल वाईट वाटतं आणि नदीबद्दलही.

दरम्यान पुलांनी तारी मागं टाकल्या. 1970 मध्ये बांधलेला मांडवीवरचा पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला, तेव्हा मात्र साऱ्या उत्तर गोव्याला पुन्हा फेरीबोट आठवली.

आता ‘अंतर्गत पर्यटन’ हा शब्द सारखा कानी पडतो. हरवळ्याचा धबधबा, तिथली कोरीव लेणी, चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य अशी यादी होते. यादीत बाजारपेठही हवी आणि फेरीबोटीच्या वेळाही. साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीच्या काठी त्रिपुरारी पौर्णिमेला सजवलेल्या नौका पाण्यात सोडतात, त्रिपुरासुर वधाचा देखावा होतो, आणि दोन्ही काठांवर माणूस मावत नाही. या रात्रीची तारीख पाहुण्यांना वेळेत कळायला हवी.