२५० वॅट, ताशी २५: बिनपासिंगच्या स्कूटरमागच्या नियमाची पार्श्वभूमी

‘लायसन नको, पासिंग नको’ असे म्हणून विकली जाणारी बॅटरीची स्कूटर कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नाही. नोंदणी, लायसन, तृतीय पक्ष विमा, वयाची अट, हेल्मेटचे कलम, यांतले काहीच तिला लागत नाही ते त्यामुळे. या सगळ्याचा आधार म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २(यू)चे परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारा भाग. मोटरची ‘३० मिनिटांची शक्ती’ ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत, योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक, अशा त्याच्या अटी आहेत. जाहिरातीत हमखास गळते ती मात्र आणखी एक अट: हे सारे नियम १२६ खालच्या चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेले असले पाहिजे. दोन्ही आकडे ‘पेक्षा कमी’ आहेत. त्यामुळे माहितीपत्रकात ‘२५० वॅट, २५ किमी/तास’ असे छापणारा विक्रेता काटेकोर वाचनात आपली गाडी सवलतीबाहेरच काढतो, पण तेवढ्या बारकाईने कोणी वाचत नाही.

मूळ कायदा १९८८ चा. मोटार वाहनाच्या व्याख्येतून त्याने चारपेक्षा कमी चाकांची, ३५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची वाहने वगळली होती. १९९४ च्या दुरुस्तीने ही मर्यादा २५ सीसीवर आणली. लुना ५० सीसीची, म्हणजे ती पहिल्यापासून कायद्याच्या आतच होती. प्रश्न आला विजेच्या मोटरीचा. तिला सीसी नसतात. मग शून्य सीसी म्हणून ती आपोआप बाहेर धरायची, की इंजिनाची अटच लागू नाही म्हणून आत? सप्टेंबर २००५ च्या अधिसूचनेने कायद्याला हात न लावता नियमांमध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची वेगळी व्याख्या घातली आणि तिच्या परंतुकात ही सवलत बसवली. कायद्यातली व्याख्या नियमातून आकसवता येते का, ही शंका तेव्हा फारशी कोणी काढली नाही. रस्त्यावर अशा गाड्याच नव्हत्या.

आकडे आले युरोपातून. तिथल्या २००२ च्या निर्देशाने पॅडल मारताना मदत करणाऱ्या सायकलींना वाहन-मान्यतेतून वगळले होते. मोटरची सततची शक्ती ०.२५ किलोवॅटपर्यंत असावी, वेग २५ कडे जाईल तशी मदत कमी होत जावी, आणि २५ ला किंवा पाय थांबताच ती बंद व्हावी, अशा त्याच्या अटी होत्या. आपल्याकडे पॅडलवाल्या सायकलींसाठी हेच शब्द जवळपास जसेच्या तसे घेतले गेले. पण त्यांच्या शेजारी नुसत्या मुठीवर चालणारी स्कूटरही त्याच आकड्यांवर बसवली गेली. युरोपात २५० वॅट हा पायांना दिलेला जोड होता. इथे तेवढ्याच शक्तीवर गाडी, चालक आणि मागे बसलेला माणूस ओढायचा होता.

ते कसे जमावे? गाडी आणि चालक मिळून १५० किलो धरा. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २५ ला टायरचा रोध सुमारे १२५ वॅट खातो आणि हवा सुमारे १४० वॅट. म्हणजे चाकाशी २६५ वॅटच्या आसपास लागतात. वारा नसेल तर गाडी २५ च्या अलीकडे कशीबशी पोचेल. पाच टक्क्यांची चढण आली, म्हणजे एखाद्या उड्डाणपुलाचा चढ, की तेवढ्याच शक्तीत वेग ताशी १० च्या खाली येतो. मागे कोणी बसले तर ७ वर. इतकी मंद गाडी कोणी विकत घेणार नाही. त्यामुळे अगदी प्रामाणिक उत्पादकालाही चढापुरती जास्त शक्ती द्यावीच लागते, आणि ती द्यायची वाट व्याख्येतच ठेवलेली आहे.

‘३० मिनिटांची शक्ती’ ही सगळ्या घोळाची जागा. ही मोटरची कमाल शक्ती नव्हे. मोटर आणि कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला किती वीज जाईल ते ठरवणारा भाग) चाचणी-बाकावर लावून ठरावीक डीसी व्होल्टेजवर सलग अर्धा तास चालवतात. त्या काळात मिळालेल्या शक्तीची सरासरी म्हणजे ३० मिनिटांची शक्ती. मोटर थांबते ती तापून. तांब्याच्या वेटोळ्यांत प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत उष्णता होते. चुंबक आणि वेटोळ्यांचे इन्सुलेशन एका तापमानापुढे टिकत नाही. अर्ध्या तासात मोटर तिच्या स्थिर तापमानाच्या जवळ जाते, म्हणून अर्धा तास. दोन-तीन मिनिटांसाठी हीच मोटर तिप्पट-चौपट शक्ती खुशाल देते. ४८ व्होल्टच्या बॅटरीतून २५० वॅट काढायला ५ अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह पुरतो, आणि बाजारातले कंट्रोलर १५ ते २० अँपिअरचे असतात. म्हणजे बॅटरीतून ७२० ते ९६० वॅट. यात बेकायदा काही नाही.

खरी अडचण चाचणीच्या दिशेची आहे. ही रीत मुळात मोटारगाड्यांची शक्ती मोजण्याच्या आर-८५ या आंतरराष्ट्रीय नियमाच्या धर्तीची आहे. तिथे उत्पादक स्वतःच्या अंदाजाने एक आकडा सांगतो, मोटर त्या शक्तीवर लावली जाते, आणि अर्धा तास ती शक्ती पाच टक्क्यांच्या फरकात टिकली की आकडा मान्य होतो. गाडी विकणाऱ्याने शक्ती फुगवून सांगू नये हा त्या चाचणीचा हेतू. मोटर निदान इतके देते, एवढेच त्यातून सिद्ध होते. याहून जास्त देऊ शकत नाही, हे सिद्ध होत नाही. आपल्या नियमाने किमान सिद्ध करणारी ही चाचणी कमाल मर्यादेसाठी वापरली. ८०० वॅट सहज पेलणारी हब मोटर (चाकातच बसवलेली मोटर) २४० वॅटची म्हणून दाखवली, तर ती अर्धा तास २४० वॅट आरामात देईल आणि कागद स्वच्छ राहील. फसवणूक म्हणावी तर कोणताच आकडा खोटा नाही.

म्हणून प्रत्यक्षात पहारा उरतो तो एकट्या वेगाच्या अटीवर. तीही तपासली जाते चाचणीला आलेल्या नमुन्यावर, त्या दिवशी त्यात असलेल्या कंट्रोलरसह. स्कूटरच्या हब मोटरमध्ये बहुधा गिअर नसतात. तिचा बिनओझ्याचा वेग व्होल्टेजच्या प्रमाणात चालतो. ४८ व्होल्टला २५ जाणारी मोटर ६० व्होल्टला ३१ आणि ७२ व्होल्टला ३७ च्या घरात जाते. कंट्रोलरमधला वेगाचा लगाम तर इलेक्ट्रॉनिक असतो आणि कारखान्यातून येतानाच तो सैल करण्याजोगा असतो, कारण तोच कंट्रोलर दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या मॉडेलमध्ये लगामाविना विकायचा असतो. व्याख्या लिहिताना ‘हा लगाम वापरणाऱ्याला काढता येऊ नये’ असे एक वाक्य पुरले असते. ते लिहिले गेले नाही. पुढे सगळा राग गिऱ्हाईकावर आणि गल्लीतल्या मेकॅनिकवर निघाला, पण ढिलाई वरून आलेली आहे.

या सवलतीवर बाजार उभा राहिला तो अनुदानातून. नोव्हेंबर २०१० ते मार्च २०१२ या काळात केंद्राने कारखाना-किमतीच्या २० टक्के अनुदान दिले. मंदगतीच्या दुचाकीला कमाल ४,००० रुपये, वेगवान दुचाकीला ५,०००. एक हजाराच्या फरकासाठी पासिंगच्या भानगडीत कोण पडेल? त्या काळच्या गाड्या शिसे-आम्ल बॅटरीच्या होत्या: १२ व्होल्टच्या चार पेट्या, वर्ष-दीड वर्षात मान टाकणाऱ्या. अनुदान थांबताच विक्री कोसळली आणि बरीच दुकाने बंद झाली. एप्रिल २०१५ पासून नवी योजना आली, तीतही मंदगतीच्या गाड्यांचाच भरणा राहिला. एप्रिल २०१९ च्या दुसऱ्या टप्प्याने मात्र ताशी किमान ४० चा वेग आणि एका चार्जिंगमध्ये किमान ८० किलोमीटरचा पल्ला अशी अट घातली. मंदगतीची स्कूटर अनुदानातून बाद झाली. तिच्याकडे विकण्याजोगी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे कागदपत्रांपासून सुटका, आणि जाहिरातींचा सूर तिथून बदलला.

मधल्या काळात हीच २५० वॅटची रेघ दिल्लीत न्यायालयात गेली होती, ई-रिक्षाच्या निमित्ताने. या रिक्षा सवलतीच्या समजुतीवर धावत होत्या. प्रत्यक्षात त्यांच्या मोटरी ६५० वॅट आणि त्याहून मोठ्या निघाल्या. ३१ जुलै २०१४ ला उच्च न्यायालयाने त्या बंद केल्या. मर्यादा ६५० वॅटपर्यंत वाढवून त्यांना व्याख्येबाहेरच ठेवावे, असा एक विचार तेव्हा होता. अखेर उलटे झाले. २०१५ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम २-ए घालून ४,००० वॅटपर्यंतची ई-रिक्षा मोटार वाहन म्हणूनच आत घेतली. नियमांत मोटर २,००० वॅट, वेग २५ अशी चौकट ठरली, आणि लायसन व नोंदणी आली. वेग तोच २५, तरी तीनचाकी आत आणि दुचाकी बाहेर. प्रवासी वाहतूक हे त्याचे एक कारण मानता येईल. पण पाठीवर खोके लावून दिवसाकाठी दहा-बारा तास शहरभर पार्सले पोचवणाऱ्या बिनपासिंगच्या स्कूटरला ‘खासगी, अधूनमधून वापरायचे वाहन’ म्हणणे आता अवघड आहे.

महाराष्ट्रात हा विषय तापला तो २०२२ च्या उन्हाळ्यात. देशभर बॅटरी स्कूटरींना आगी लागल्याच्या बातम्या येत होत्या, आणि मे महिन्यात राज्याच्या परिवहन खात्याने बदल केलेल्या मंदगतीच्या गाड्या व त्या विकणारी दुकाने तपासायची मोहीम काढली. तीत दोन प्रकार सापडतात. एकात चाचणीचे प्रमाणपत्र मुळातच नसते, किंवा असते ते दुसऱ्याच मॉडेलचे. दुसऱ्यात प्रमाणपत्र खरे असते, पण विक्रीनंतर लगाम काढलेला किंवा बॅटरी वाढवलेली असते.

दुसरा प्रकार ओळखायला वरचेच गणित पुरते. एकट्या चालकासह सपाट रस्त्यावर ताशी ४५ ला चाकाशी सुमारे १,०४० वॅट लागतात, २५ च्या जवळपास चौपट. तो वेग धरून ठेवणारी गाडी २५० वॅटची असूच शकत नाही, पाटीवर काहीही छापलेले असो. अशा गाडीचे हालही ठरलेले. दर किलोमीटरला दुपटीहून जास्त वीज जाते, त्यामुळे पल्ला निम्म्याखाली येतो. मोटरीकडे जाणाऱ्या तीन जाड वायरींचे जोड तापून वितळतात. मोटरची स्थिती कंट्रोलरला कळवणारा हॉल सेन्सर जातो, मग गाडी झटके देत चालते. आणि ब्रेक लावल्यावरचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने, २५ साठी बसवलेल्या ड्रम ब्रेकला ४५ ला सव्वातीनपट अंतर लागते.

कायद्याच्या बाजूने लगाम काढणे म्हणजे नुसता वेगमर्यादेचा भंग नाही. गाडी व्याख्येबाहेर होती ती अटींवर. अट मोडली की ती मोटार वाहन होते आणि सगळी कलमे एकदम लागू होतात. १ सप्टेंबर २०१९ पासूनच्या दरांनी बिननोंदणीला पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत, बिनलायसनला ५,०००, बिनविम्याला २,००० रुपये दंड. मालकाने केलेल्या बदलाला कलम १८२-ए खाली प्रत्येक बदलामागे ५,००० किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. विक्रेत्याने केला तर गाडीमागे एक लाख किंवा वर्षापर्यंत कैद, अथवा दोन्ही. मूल चालवत असेल तर पालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. नववी-दहावीच्या मुलांना क्लासला जायला म्हणून घेतलेल्या स्कूटरींबाबत हे शेवटचे कलम लक्षात ठेवावे.

याहून मोठा खर्च अपघातानंतरचा. खऱ्या मंदगतीच्या गाडीने कोणाला धडक दिली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची वाट जखमीला नाही, कारण ते मोटार वाहनांच्या अपघातांसाठी आहे. त्याला दिवाणी न्यायालयात जावे लागते. बदल केलेल्या गाडीने दिली, तर ती मोटार वाहन ठरते, विमा नसतो, आणि भरपाई मालकाच्या खिशातून जाते.

गाडी घेताना म्हणून तीन गोष्टी मागाव्यात. चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत, तीही नेमक्या त्याच मॉडेलची. बिलावर चासी आणि मोटरचे क्रमांक. आणि बॅटरीचे व्होल्टेज प्रमाणपत्राशी जुळते का, हे सीट उघडून समोर पाहणे. वेग मोजायला गाडीच्या मीटरवर जाऊ नये, मोबाइलच्या जीपीएसवर सपाट रस्त्यावर पाहावा. २५ ओलांडत असेल तर तिथेच परत करावी. जुनी घेताना आरसी नसल्याने नाव बदलण्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळे मूळ बिल हाच मालकीचा एकमेव कागद. आधीच्या मालकाने कंट्रोलर बदलला असेल तर नवा क्रमांक कशावरच नोंदलेला नसतो, आणि तपासणीत तो बदल आपण केलेला नाही हे सिद्ध करायची पाळी नव्या मालकावर येते.